सुकटीला सॅलड म्हटले तर?

उकडून गार केलेला पास्ता, त्यात कोळंबी, काकडी, टोमॅटो, वरून लिंबू आणि ऑलिव्हचे तेल! मोबाईलवर हा पदार्थ पाहून आमचे मित्रमंडळ हल्ली मोहित झाले आहे. आरोग्यदायी म्हणून त्याची जी वाखाणणी होते ती खोटीही नाही. तळण नाही, कोळंबीत प्रथिने भरपूर आणि चरबी थोडी. (सॅलडला कोशिंबीर म्हणावे की नाही, हा वाद मराठी विभागाने मिटवावा.)

पण आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र कुठला? खाऱ्या पाण्याचे लोणार सरोवर तेवढे आहे. मुंबईहून मलकापूर रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर. बर्फातली कोळंबी आणताही येईल. परंतु शिजवलेली कोळंबी 5 अंशांच्या आत ठेवावी लागते आणि कडक उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. मे महिन्यात घाटाखाली पारा चाळिशी ओलांडतो. असा डबा घेऊन एस.टी.ने कॉलेजात येणे म्हणजे पोटाशी जुगारच!

मग आपण समुद्र चाखूच नये काय? चाखतोच की! आठवडी बाजारात सुकट मिळते. झिंगे म्हणा हवे तर. किनाऱ्यावर उन्हात वाळवलेला जवळाच तो. तव्यावर कोरडा भाजून, चोळून, पाखडून वाळू काढली की काम झाले. पाणी उडाल्याने मूठभर सुकटीत प्रथिने दाटून असतात, कवचासकट खाल्ल्याने कॅल्शियम मिळते. बर्फ नको, फ्रीज नको. काही सुकट खारवलेली असते, म्हणून वरून मीठ जपून घालावे.

आणि पास्ता असतो डुरम गव्हाच्या रव्याचा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. त्याच्या शेवया आपण दूधसाखरेत बुडवूनच संपवतो. मी त्या उकडल्या, निथळून गार केल्या. सुकट, कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू आणि चमचाभर शेंगदाण्याचे तेल घातले. आजी म्हणाली, "शेवयांत झिंगे? काय दिवस आले!" पण वाटी तिने पुन्हा भरून घेतली. एक सांगतो, भाजलेली सुकट पुडीत वेगळी ठेवावी आणि खातेवेळी मिसळावी, म्हणजे ती कुरकुरीत राहते. गार शेवयाही सकाळी करून दुपारच्या आत संपवाव्यात.

माझे खरे दुखणे निराळे आहे. माझा एक वर्गमित्र सुकटीचा डबा सर्वांपासून दूर, नळाजवळ जाऊन उघडतो. वासावरून त्याची थट्टा होते, आणि थट्टा करणारेच कोळंबीच्या सॅलडचे फोटो एकमेकांना दाखवतात. पौष्टिक अन्न दहा-वीस रुपयांत बाजारात मिळत असताना पोरे वडापाववर दिवस काढतात, ते काही केवळ गरिबीमुळे नव्हे, लाजेमुळेही.

तेव्हा वसतिगृहाच्या खानावळीने आठवड्यातून एक दिवस या गार शेवया कराव्यात. शाकाहारी मित्रांसाठी सुकटीऐवजी मोडाची वाफवलेली मटकी घालावी. भांडी मात्र वेगळी असावीत. पहिल्या दिवशी निवडण्या-पाखडण्याचे काम माझ्याकडे द्यावे.