भाडेकरू जाणार कुठे?

माणूस रिटायर झाला आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम त्याच्या हाती आली, की त्याचा सुगावा घरच्या सुनांच्या आधी दलालाला लागतो. मुंबईची नोकरी संपवून रत्नागिरीला परतलेल्या आपल्या बांधवांच्या ओटीवर हल्ली एक बोलणे वारंवार ऐकू येते. "बँकेत पैसे ठेवून काय मिळणार? मिरजोळ्याला एमआयडीसीच्या बाजूला आठ खोल्यांची चाळ विकायची आहे. भाडेकरू आयते बसलेले आहेत. दोन वर्षे भाडे घ्या, मग चढ्या भावाने विकून मोकळे व्हा." हा सल्ला बरा की वाईट, हे नुसत्या बोलण्यावरून ठरवू नये. वही आणि पेन घेऊन बसावे. आम्ही आयुष्यभर खर्डेघाशी केली, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू.

समजा, चाळीची किंमत ३० लाख रुपये सांगितली. खोल्या ८, दर खोलीला महिना २,५०० रुपये भाडे. म्हणजे महिन्याला २०,००० आणि वर्षाला २,४०,००० रुपये. दलाल येथेच थांबतो आणि म्हणतो, "बघा, सरळ आठ टक्के सुटले!" पण हे जमेचे पान झाले. खर्चाचे पान त्याने उलटलेच नाही.

ते आपण उलटू. कामगार नोकरी सोडतो, गावी जातो. वर्षातून एक महिना प्रत्येक खोली रिकामी राहिली तर २०,००० रुपये गेले. कोकणचा पाऊस चार महिने कौले आणि पत्रे झोडपतो. चिऱ्याची भिंत ओल धरते, शोषखड्डा भरतो, पंप जळतो. त्यासाठी ३०,००० धरा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाहेरच्या दिव्याचे बिल मिळून १८,००० धरा. हे सगळे वजा जाता हातात राहिले १,७२,००० रुपये. तीस लाखांवर हे पावणेसहा टक्के सुद्धा पुरते होत नाहीत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ साली ठेवीची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांचे वर्षाचे व्याज २,४६,००० रुपये होते. नव्या खात्याचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, परंतु खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. तेथे पत्रा गळत नाही आणि भाडेकरूच्या दाराशी उभे राहावे लागत नाही.

मग हुशार माणसे अशा चाळी विकत घेतात तरी कशासाठी? याचे उत्तर दलालाच्या पुढच्या वाक्यात असते. "भाडे लगेच साडेतीन हजार करा. ते जाणार कुठे?"

वाचक बंधू-भगिनींनो, या धंद्याचे मर्म या तीन शब्दांत आहे. एक हजाराने भाडे वाढले की आठ खोल्यांचे वर्षाला ९६,००० रुपये जास्त येतात. तोच खर्च आणि तोच रिकामा महिना धरून आता हाती २,६०,००० राहतात. पावणेसहाचे एकदम साडेआठ टक्क्यांवर गेले! पण खरी कमाई भाड्यात नसून विक्रीत आहे. अशी मालमत्ता विकताना तिची किंमत भाड्यावरून काढतात. वर्षाला २,४०,००० भाडे असताना चाळ ३० लाखांची होती. त्याच आठ टक्क्यांच्या हिशेबाने ३,३६,००० भाड्याची चाळ ४२ लाखांची ठरते. मालकाने एक चिरा नवीन लावला नाही, नळाची एक तोटी बदलली नाही, आणि किंमत बारा लाखांनी वाढली.

हे बारा लाख आले कुठून? आठ चुलींमधून आले. मच्छीच्या कारखान्यात बर्फात हात घालून काम करणाऱ्या बाईच्या पगारातून आले. कोणाचा महिन्याचा गॅस, कोणाच्या मुलाची शिकवणी, कोणाचे गावी आईला पाठवायचे पैसे यांतून आले. आणि नवीन मालकाने ४२ लाख मोजले, की त्यालाही आपले व्याज सुटायला हवे. तो पुन्हा भाडे वाढवणार. चाळ जितक्या वेळा विकली जाईल, तितक्या वेळा तिचा भार त्याच आठ घरांवर पडणार.

हाच धंदा अमेरिकेत फार मोठा झाला आहे. तेथे कारखान्यात तयार केलेली, चाकांवर आणून ठेवायची स्वस्त घरे असतात. त्यांना मोबाइल होम म्हणतात. अशी पन्नास-शंभर घरे एका मोकळ्या जागेत ओळीने उभी केली, की त्या वसाहतीला पार्क म्हणतात. त्यातील मेख अशी की, घर राहणाऱ्याच्या मालकीचे आणि त्याखालची जागा दुसऱ्याची. घराचे कर्जही त्याने फेडायचे आणि जागेचे भाडेही त्यानेच भरायचे. नाव 'मोबाइल' असले तरी एकदा बसवलेले घर हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि जुने घर तर हलवताना मोडते. भाडे परवडले नाही तर माणसाने घर तेथेच टाकून निघून जायचे. सुमारे दोन कोटी अमेरिकन माणसे अशा घरांत राहतात. त्यांत कामगार, पेन्शनर आणि एकट्या बाया पुष्कळ आहेत.

पूर्वी हे पार्क एखाद्या कुटुंबाच्या मालकीचे असत. मालक बहुधा तेथेच राहत असे आणि भाडे बेताने वाढवत असे. पुढे गुंतवणूकदारांनी हिशेब केला, की ज्याला हलताच येत नाही त्याच्यासारखा खात्रीचा भाडेकरू नाही. मग छोटे पार्क विकत घ्यायचे, भाडे वाढवायचे आणि विकायचे, हे शिकवणारे वर्गसुद्धा निघाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठमोठ्या गुंतवणूक कंपन्या यात उतरल्या. २०१९ साली आयोवा राज्यात काही पार्क एका कंपनीने घेतले आणि जागेचे भाडे एवढे वाढवले, की म्हाताऱ्या माणसांना सभा घेऊन आमदार-खासदारांकडे धावावे लागले.

अमेरिकेची ही गोष्ट ऐकून कोकणातल्या माणसाला नवल वाटू नये. घर आपले आणि जागा दुसऱ्याची, हे दुःख आपल्या आजोबा-पणजोबांनी खोताच्या गावात भोगले आहे. कूळ स्वतः चिरे आणून, माती मळून घर उभे करी, पण घरठाण खोताचे. म्हणून वेठ नाकारायची हिंमत होत नसे, कारण "उठ माझ्या जागेतून" एवढे तीनच शब्द खोताला पुरेसे होते. त्याच्या बळाचे मूळ आपल्याला दुसरीकडे जागा नव्हती यात होते. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. पुढे १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. त्याआधी १९४८ च्या कूळ कायद्यात एक मोलाची तरतूद आली. कुळाने किंवा त्याच्या पूर्वजाने स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल तर त्याला त्या घरातून काढता येणार नाही, आणि मालकाने जागा विकायला काढली तर ती घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. शेतमजूर आणि गावच्या कारागिरांच्या घरांनाही हे संरक्षण मिळाले. गोव्यात भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकारांसाठी १९७५ साली असाच कायदा झाला.

ज्यांच्या घराण्याने हे सोसले, त्यांनीच चार पैसे हाती येताच "ते जाणार कुठे?" म्हणावे काय? मिरजोळ्याच्या खोल्यांत राहणारे लोक आहेत तरी कोण? कोणी लांजा-राजापूरचा आहे, कोणी कर्नाटकातून आला आहे, कोणी बिहारमधून, कोणी नेपाळमधून. त्यांच्यात आपलेही भाऊबंद आहेत. सम्यक आजीविका ही वंदनेपुरती म्हणायची गोष्ट नव्हे. तिचा प्रश्न चाळीच्या खरेदीखतावर सही करतानाही पडला पाहिजे.

याचा अर्थ आपल्या माणसाने मालमत्ता घेऊच नये असा नाही. आम्ही तर म्हणतो, अवश्य घ्यावी. पिढ्यान् पिढ्या आपल्याला जमीन नव्हती, ती आता झालीच पाहिजे. भाड्याच्या खोल्या बांधणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे, कारण कामगाराला छप्पर लागतेच. फक्त हिशेब आजच्या भाड्यावर करावा. आजच्या भाड्यावर परवडत असेल तर घ्यावी. भाडे वाढवल्याशिवाय परवडत नसेल, तर ती चाळ महाग आहे असे समजून सोडून द्यावी. भाडे कधीच वाढवू नये असेही नाही. महागाई वाढते, डागडुजी वाढते. मग किती वाढ आणि केव्हा, हे करारात आधी लिहावे आणि तेवढीच घ्यावी.

घेण्यापूर्वी कागद नीट पाहावेत. सातबारा काढावा आणि त्यावरची सगळी नावे मोजावीत. कोकणात एका सातबारावर वीस-वीस सहहिस्सेदार असतात आणि त्यांतले निम्मे मुंबईला. एकाची सही राहिली तरी पुढची पिढी कोर्टात जाते. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव किंवा बँकेचा बोजा आहे का ते वाचावे. जमीन बिनशेती झाली आहे का आणि बांधकामाला परवानगी होती का ते विचारावे. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीचा प्रश्न सुटल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. ग्रामपंचायतीच्या आकारणी उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी आली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. ती कर भरल्याची पावती आहे. आणि भाडेकरूंनी जुन्या मालकाकडे ठेवलेल्या डिपॉझिटची यादी करून ती रक्कम किमतीतून वळती करून घ्यावी. नाहीतर खोली सोडताना भाडेकरू आपल्याकडे मागणार आणि जुना मालक तोवर पुण्याला गेलेला असणार.

जे भाड्याने राहतात त्यांनाही चार शब्द सांगायचे आहेत. भाड्याची पावती दर महिन्याला घ्या. रोख देत असाल तर वहीवर सही घ्या. डिपॉझिट लेखी असू द्या. करार करा आणि तो नोंदवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांत लागू आहे तेथे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्या कायद्याप्रमाणे मालकाला पाणी किंवा वीज तोडून माणूस बाहेर काढता येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत तो कायदा लागू होतो की नाही, हे वकिलाला विचारून घ्यावे. तो लागू नसेल आणि करारही नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिना-महिना भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडावी लागू शकते. म्हणून कागद करण्याचा आळस करू नका. मालक बदलला तरी झालेला करार मोडत नाही. घेणारा मालक त्या करारासकट जागा घेतो.

आणखी एक वाट आहे. १९८४ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मेरेडिथ या गावी पार्क विकायला निघाला, तेव्हा रहिवाशांनीच सहकारी संस्था केली, कर्ज काढले आणि पार्क स्वतः विकत घेतला. आज अमेरिकेत रहिवाशांच्या मालकीच्या अशा वसाहती तीनशेहून अधिक आहेत. भाडे किती हे रहिवाशांची सभा ठरवते. आपल्याकडेही मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण ८-अ आले. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर, महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन, इमारत सहकारी संस्थेसाठी घेता येईल अशी ती तरतूद आहे. मालकांनी तिला कोर्टात आव्हान दिले आणि ते प्रकरण तीस वर्षांहून अधिक चालले. तेव्हा कायद्यावर विसंबून न राहता स्वतः एकत्र येणेच बरे. आठ भाडेकरूंनी मिळून चाळ घेता येते. पाच रिटायर बांधवांनी मिळून प्लॉट घेता येतो. बौद्धवाडीत वर्गणी काढून विहार बांधणाऱ्या समाजाला एकत्र पैसे जमवण्याची विद्या शिकवावी लागत नाही. पैशाचा हिशेब तेवढा चोख हवा, आणि दर वर्षी तो सर्वांसमोर वाचला पाहिजे.

पुढच्या वेळी दलाल ओटीवर येऊन बसला, तर त्याला चहा जरूर द्यावा. मग वही काढून त्याच्यासमोर दोन्ही पाने लिहावीत. हिशेब जुळवण्यासाठी त्याला "ते जाणार कुठे?" म्हणावे लागले, तर वही मिटावी आणि सांगावे की, आमच्या घरात हा हिशेब बसत नाही.