घरगुती ध्वनिमुद्रण : थोडक्या खर्चांत

मुलांनीं कीबोर्ड आणला, आणि आतां गाणें उतरवून घेण्यास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें अशी चर्चा घरांत सुरू झाली, कीं प्रथम किंमत पाहिली जाते. वस्तुतः पहिला प्रश्न निराळा आहे : मुद्रित करावयाचें आहे तें काय ?

ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष ध्वनि. मायक्रोफोनपुढें जें झालें तें श्वासासकट उतरतें. मिडी ही १९८३ सालची पद्धति. तींत ध्वनि मुळीं नसतोच. कोणती पट्टी, किती जोरानें, किती वेळ दाबली एवढीच नोंद राहते. नाद मागाहून यंत्र पुरवितें. म्हणून मिडींत चुकलेला स्वर मागाहून सुधारतां येतो, पेटीच्या जागीं सतार बसवितां येते. पण आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या तींत उतरावयाच्या नाहींत. ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलें कोणी गाणारें आहे, तेथें निवडीचा घोळ घालीत महिने दवडूं नयेत.

ऑडॅसिटी फुकट मिळतें. आवाज घेण्यास व काटछाटीस तें पुरेसें आहे, मिडीस मात्र फारसें उपयोगी नाहीं. ॲपलचा संगणक असल्यास गॅरेजबँड विनामूल्य असून त्यांत दोन्ही साधतात. विंडोजवर रीपर पाहावें. तें ६० दिवस वापरून पाहतां येतें; पुढें घरगुती परवाना ६० डॉलरचा. त्याचें रूप रुक्ष आहे आणि आंत वाद्यें जवळजवळ नाहींत, हें आधींच जाणून असावें.

उरलेला पैसा मायक्रोफोनवर खर्चावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. (महागडें सॉफ्टवेअर घेऊन डोक्यावर पंखा गरगरत ठेवणारीं घरें कांहीं थोडीं नाहींत !)

मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपांतच ठेवावें. सेकंदास ४४,१०० नमुने, १६ बिट व दोन मार्ग धरल्यास मिनिटाला सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. एमपी३ करतांना ध्वनीचा जो अंश टाकला जातो, तो परत येत नाहीं. शिवाय एका सॉफ्टवेअरची फाईल दुसऱ्यांत उघडेलच असें नाहीं; वेव्ह मात्र बहुतेक सर्वत्र उघडते. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. गौहरजान १९०२ सालीं कलकत्त्यास गाणें संपतांच स्वतःचें नांव उच्चारून ठेवीत. आजीबाईंकडूनही नांव, गांव व तारीख वदवून घ्यावी.