पेटीवरचा ‘दक्षिण सातारा’



सातारा-सांगली भागातील कितीतरी जुन्या घरांत आणि बस्त्यांत एखादी जुनी पेटी असतेच. विधानाच्या वेळी, दशलक्षण पर्वातील भजनांना तिने वर्षानुवर्षे साथ केलेली असते. आता तिची जागा विजेवर चालणाऱ्या वाद्याने घेतली आणि ती माळ्यावर किंवा कपाटाच्या मागे गेली. अशा पेटीविषयी घरात एक कथा हमखास सांगितली जाते. ती शंभर वर्षांची आहे, तिचे सूर पॅरिसचे आहेत, किंवा अमुक एका खाँसाहेबांनी ती वाजविली होती. कथा खरी असेलही. परंतु पेटी विकण्यापूर्वी अथवा कारागिराच्या हाती देण्यापूर्वी तिची नीट पाहणी करावी. दुरुस्ती झाली की तिच्या वयाच्या निम्म्या खुणा नाहीशा होतात, आणि त्या पुन्हा मिळत नाहीत.

सर्वांची नजर प्रथम झाकणाच्या आतील चिठ्ठीकडे जाते. ती चिठ्ठी पेटी करणाऱ्याची आहे की विकणाऱ्याची, हे आधी ठरवावे. कलकत्त्यास किंवा मुंबईस तयार झालेल्या पेटीवर आपल्याकडील दुकानदाराची चिठ्ठी असू शकते. म्हणून नावापेक्षा पत्ता अधिक उपयोगाचा. आपल्या भागाला तर या बाबतीत राज्यकारभाराच्या इतिहासानेच मदत करून ठेवली आहे. १९४८ पर्यंत सांगली व मिरज ही संस्थाने होती, आणि तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. २१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्याचे नामांतर सांगली असे झाले. तेव्हा ‘मु. मिरज, जि. दक्षिण सातारा’ असा पत्ता छापलेली चिठ्ठी आढळली, तर ती १९४९ पूर्वीची असूच शकत नाही. १९६० नंतरची मात्र असू शकते, कारण हजार चिठ्ठ्या छापून घेतलेला दुकानदार जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून उरलेला गठ्ठा टाकून देत नाही. अलीकडची मर्यादा सैल, पलीकडची पक्की, असा हा हिशेब आहे. ‘संस्थान मिरज’ असे छापलेले असेल, तर चिठ्ठी बहुधा विलीनीकरणापूर्वीची.

छापील किमतीवरूनही हाच हिशेब करता येतो. आणे दिसले तर किंमत सामान्यतः १ एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४ या काळातील. पत्त्यात पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, मग घरातील कथा काहीही सांगो.

यानंतर लाकूड, स्क्रू आणि चिकटविण्याचे द्रव्य पाहावे. प्लायवूडचा तळ, किंवा माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू, म्हणजे तेवढा भाग तरी अलीकडचा. जुन्या पेटीत सरस असतो. तो तपकिरी, ठिसूळ होतो आणि पाण्याने विरघळतो. अलीकडचा पांढरा गोंद वाळल्यावर काचेसारखा दिसतो. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, भात्याच्या कोपऱ्यांना आणि पट्ट्यांखालील झडपांना कातडे असते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात आणि बस्तीत हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. कापडाचा व रेक्झिनचा भाता करून घेता येतो, आणि तसे करायचे की नाही याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. केल्यास बदलाची तारीख आतल्या बाजूस लिहून ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत की सेल्युलॉइडच्या, हे पाहण्यासाठी काही लोक तापलेली सुई लावून पाहतात. तो प्रकार कटाक्षाने टाळावा. सेल्युलॉइड झटकन पेट घेते. भिंगातून पाहिले तरी पुरते. हस्तिदंतात बारीक, असमान नैसर्गिक रेषा दिसतात. सेल्युलॉइडमध्ये एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर यंत्राने काढल्यासारख्या सरळ रेषा दिसतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री आज कायद्याने बंद आहे, त्यामुळे अशा पट्ट्यांची पेटी विकायला काढण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

पेटीचा प्राण म्हणजे तिचे पितळी सूर. पूर्वी ते पॅरिस व जर्मनी येथून येत. पॅरिसच्या कास्रिएल यांचे नाव पेटीवाल्यांच्या तोंडी अजूनही असते. आपल्या देशातील सुरांसाठी पालीताणा प्रसिद्ध झाले. शत्रुंजयाच्या यात्रेला जाऊन आलेल्या किती जणांना तिथल्या या धंद्याची माहिती असते, कोण जाणे. परंतु पॅरिसचे सूर सापडले म्हणून पेटी जुनी ठरत नाही. मोडलेल्या पेटीतील चांगले सूर काढून नव्या खोक्यात बसविणे ही कारागिरांची नेहमीची पद्धत आहे. सुरांचे वय वेगळे, खोक्याचे वेगळे आणि चिठ्ठीचे तिसरेच. तिन्ही एकमेकांशी जुळले तरच एक साल सांगावे. नाहीतर प्रत्येकाचे स्वतंत्र सांगावे.

आणि आता त्या पेटीविषयी, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींच्या गणिताने झपाटले होते. १९१० साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँ गात असत. तेच खाँसाहेब पुढे मिरजकर झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात चिरविश्रांती घेत आहेत. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स देवलांना येऊन मिळाले. दोघांचा आक्षेप एकच होता. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. तयार कानाला तो बोचतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तीमागेही अशा आक्षेपांचा वाटा होता. देवल-क्लेमंट्स यांनी पेटी टाकून देण्याऐवजी ती बदलायचे ठरविले. लंडनच्या मूर आणि मूर या कंपनीच्या कीथ मूर यांच्याकडून त्यांनी सप्तकात बारांहून अधिक स्वर देणारी श्रुतिपेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले, तेथे कडाक्याचे मतभेद झाले, आणि ती पेटी काही रूढ झाली नाही.

अशी एखादी पेटी आज कोणाच्या माळ्यावर निघाली, तर ती कशी ओळखावी? तिच्यावर नाव लंडनचे असेल. साताऱ्याचा किंवा सांगलीचा उल्लेखही नसेल. पट्ट्यांची रचना अनोळखी वाटेल, आणि वाजविल्यास ती बेसूर भासेल. नेमका येथेच घात होतो. कारागीर सूर जुळवतो तो कानशीने घासून. पत्तीचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. देवलांनी गणिताने खाली ठेवलेला गंधार एखाद्या भल्या माणसाने ‘बेसूर’ म्हणून चढवून दिला, की त्या पत्तीवरचा पुरावा कायमचा गेला. घासलेले पितळ परत येत नाही. म्हणून पेटी विचित्र वाटली, तर सूर लावून घेण्याआधी प्रत्येक पट्टी एकेकदा दाबून तिचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, पत्त्यांवर कोरलेली अक्षरे व आकडे यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि पत्ती ज्या जागेवरून काढली त्याच जागी ठेवावी. झाकणाला पॉलिश तर मुळीच करू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठविण्यास कायद्याची आडकाठी आहे, हेही परदेशातील नातलगांना भेट देऊ पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या समाजाजवळ मात्र एक साधन असे आहे, जे फार थोड्यांजवळ असते. व्यापारी घराण्यांच्या आणि बस्त्यांच्या किर्द-खतावण्या पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत. ‘पेटी खरेदी’ अशी एक ओळ सापडली, की सारे तर्क बाजूला राहतात. तिथी शकाची असेल तर त्यात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीस ७९. वीर निर्वाण संवत असेल, तर दिवाळीनंतरच्या तिथीसाठी डिसेंबरअखेरपर्यंत ५२७ वजा करावेत, आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५२६. खरेदीची नोंद मिळाली नाही, तरी ‘पेटी दुरुस्ती’ आणि ‘भाता’ या नावांखाली पाहावे. भाता कोणत्या वर्षी बदलला आणि कोणत्या गावच्या कारागिराला किती रुपये दिले, हे तेथे लिहिलेले असू शकते.