चिमूटभर माया

आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत क्लाऊनफिशची जोडी आहे. गेल्या पावसाळ्यात टाकीतल्या दगडांवर शेवाळ इतके माजले, की मासे धड दिसेनात. पाणी तपासले, तर फॉस्फेट लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम! ते ०.१ च्या आत असलेले बरे.

कारण घरातच सापडले. ‘बिचारे उपाशी असतील’ म्हणून आई दोन्ही वेळा चिमूटभर खाऊ जास्तच टाकत होती. उरलेला खाऊ कुजतो आणि त्यातून फॉस्फेट सुटते. नळाच्या पाण्यातूनही थोडे येते.

वाचकहो, ते एका दिवसात उतरवू नये. जीवांना धक्का बसतो. शिवाय दगडांत मुरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात येत राहते. म्हणून आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले. फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे ठेवले.

पण आईला कसे सांगायचे? शेवटी खाऊचा छोटा चमचा तिच्याच हाती दिला. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच खाऊ. दोन महिन्यांनी दगड दिसू लागले. आता नातवंडांनी जास्त खाऊ उचलला, की आईच त्यांचा हात धरते.