हॅलिफॅक्स झाले, आता जिनिव्हाचे बोला!



ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे राष्ट्रकुल संसदीय संघाची परिषद भरली. तीत झाशीचे खासदार श्री. अनुराग शर्मा यांची संघाचे खजिनदार म्हणून निवड झाली. राष्ट्रकुलातील कायदेमंडळांत लोकशाही व मानवी हक्क रुजावेत, हे १९११ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आज घोषित उद्दिष्ट आहे. आपल्या गावच्या प्रतिनिधीला बाहेर मान मिळाला, याचा आम्हालाही आनंदच आहे. २०२४ मध्ये झाशीने त्यांना पुन्हा निवडूनही दिले. परदेशवारीला आमचा विरोध नाही. परतताना झोळीत काय आणले, एवढेच आम्ही विचारणार.

झोळी भरून आणणारे आपल्याच चळवळीत होऊन गेले. ना. म. जोशी १९१९ साली वॉशिंग्टनला आय.एल.ओ.च्या पहिल्या परिषदेस कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या परिषदेने भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती फॅक्टरी कायद्यात आली. परदेशातील ठराव गिरणीच्या भोंग्यापर्यंत पोहोचला, तो असा!

आज प्रश्न आय.एल.ओ.च्या दोन करारांचा आहे. १९४८ चा ८७ क्रमांकाचा करार संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा, तर १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार संघटित होण्याच्या व सामुदायिक वाटाघाटीच्या हक्काचा. भारत आय.एल.ओ.चा संस्थापक सभासद. तरी या दोन करारांना त्याने आजतागायत मान्यता दिलेली नाही. ८७ क्रमांकाचा करार ब्रिटनने १९४९ साली, पाकिस्तानने १९५१ साली, बांगलादेश व कॅनडाने १९७२ साली मान्य केला. हे सारे राष्ट्रकुलातलेच देश. ज्या कॅनडात आमच्या खासदारांचा सन्मान झाला, त्याला जमले ते दिल्लीला का जमू नये?

सरकारचे ठरलेले उत्तर असे की, सरकारी नोकरांवर जे निर्बंध आहेत ते या करारांत बसत नाहीत. म्हणजे अडसर कोणाचा? रेल्वेवाल्याचा नि पोस्टमनचा! आम्हाला हक्क द्यायचे नाहीत, म्हणून देशातल्या साऱ्या कामगारांना करार नाही. निर्बंध बसत नसतील तर निर्बंध काढावेत. करार कशाला अडवता?

हा प्रश्न कागदी नाही. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने एन.एफ.पी.ई. या जुन्या महासंघाची मान्यता काढून घेतली. मालकही सरकार, तक्रार ऐकणारेही सरकार आणि निकाल देणारेही सरकार! पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीची अट रेल्वेला जुनीच होती. आता ती सर्व उद्योगांच्या गळ्यात पडली. आमच्या पायातली बेडी इतरांसाठी नमुना ठरली.

सदर बाजारात कोणी म्हणेल, "अहो, करार मान्य करणे सरकारच्या हाती. एकटा खासदार काय करणार?" १९२१ साली परक्या सरकारच्या मध्यवर्ती विधिमंडळात जोशी हे नियुक्त सभासद होते. पाठीशी ना पक्ष, ना बहुमत. तरी त्यांनी कामगार संघटनांच्या नोंदणी व संरक्षणासाठी ठराव मांडला आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. आमचे खासदार तर सत्तारूढ पक्षाचे, दोनदा निवडून आलेले, राष्ट्रकुलात नाव झालेले. त्यांनी लोकसभेत एक प्रश्न विचारावा, एक अशासकीय ठराव मांडावा. गावात गाडीला हिरवा झेंडा आणि परदेशात लोकशाहीवर भाषण, एवढ्याने ती गाडी चालवणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने ८७ व ९८ च्या मान्यतेची मागणी करणारा ठराव करून आपापल्या खासदाराच्या हाती द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तराची तारीख मागावी. खासदार कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न हाच. पुढच्या वेळी मत मागायला ते दारात येतील, तेव्हा ती पोच आपल्या हातात असावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— शाखा चिटणीस, रेल्वे कामगार, सदर बाजार, झाशी