डोंगर जळतो तेव्हा

होळी जवळ आली, की मीरा रोडच्या आमच्या गॅलरीतून काशिमिऱ्याकडच्या डोंगरावर रात्री लाल रेघ दिसते. वणवा! सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळे कण. 'गवतच तर जळतं, पाऊस पडला की परत हिरवं होईल,' असं म्हणून आपण खिडकी लावून घेतो. मीही घ्यायचे.

जून २०२३ मध्ये टोरांटोहून भाचीचा फोन आला. "मावशी, मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही गं, बाहेर नुसता धूर!" आग तिथून शेकडो किलोमीटर लांब जंगलात लागलेली. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं. म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र! त्यातून हवेत गेलेला कार्बन चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कुठल्याही देशाच्या वर्षभराच्या कोळसा-पेट्रोलच्या कार्बनपेक्षा जास्त होता.

उत्तरेकडच्या थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही. शेकडो वर्षांचे थर जमिनीत साठून राहतात, पिढ्यान्पिढ्या जपलेल्या पुंजीसारखे. आग लागली की झाडांबरोबर ही पुंजीही धुमसते. मग हवा तापते, जंगल आणखी सुकतं, पुन्हा आग. आणि तापलेली हवा काही कॅनडापुरती राहत नाही.

आपल्या डोंगराची पुंजी त्यामानाने लहान. पण तीही जाते. गवत परत येतं, कोवळी रोपं येत नाहीत. उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. वणवा लागला की बोट लगेच पाड्यावरच्या लोकांकडे जातं. पण डोंगर जळला तर सरपण कुणाचं जातं? बाजारात करवंदांची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या जाळ्याच जळून गेल्या, तर तिने विकायचं काय?

कॅनडातलं बहुतेक जंगल विजेमुळे लागलेल्या आगींत जळलं. आपल्याकडे फाल्गुनात वीज कुठली? काडी माणसाचीच. कुणाचं विडीचं थोटूक, कुणी पेटवलेला कचरा, कुणाच्या सहलीतली न विझवलेली चूल. विजेला कोण अडवणार? माणसाला मात्र अडवता येतं.

म्हणून यंदा लाल रेघ दिसली तेव्हा खिडकी लावली नाही. वनखात्याचा १९२६ नंबर फिरवला. शेजारीण हसली, "तुझं काय जळतंय?"

तिला भाचीच्या फोनची गोष्ट सांगितली. आता तो नंबर तिच्याही फ्रिजवर चिकटवलेला आहे.