वर्षभराचे घर, बावीस वर्षांची चाळ

डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आठवड्यात स्मारकांच्या आश्वासनांना दरवर्षी जो बहर येतो तो यंदाही आला असून, कोनशिलांविषयीचा जुना संशय मागे घ्यावा असे त्यात काहीही नाही. चैत्यभूमीच्या रांगेतून बाहेर पडलेले अनेक जण हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या त्यांच्या घराकडे वळतात; ते पूर्वी जेथे राहत त्या परळच्या बीआयटी चाळीकडे, म्हणजे १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाच्या चाळीकडे, त्यांतले फार थोडे पोहोचतात.

लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड येथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, तर परळला दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत त्यांचे बिऱ्हाड, परदेशातील काळ धरून, सुमारे २२ वर्षे होते. लंडनचे घर राज्य शासनाने २०१५ मध्ये तीस कोटींहून अधिक रुपये मोजून घेतले, त्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते करवले आणि तेथे संग्रहालय चालवण्यास स्थानिक कौन्सिलने हरकत घेतल्यावर २०२० मध्ये परवानगी मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. ही चिकाटी परळच्या वाटेवर नेमकी कोठे गळून पडते, हे मंत्रालयालाच ठाऊक.

वास्तुसंग्रहालय, म्हणजे जेथे घर हीच मुख्य प्रदर्शनवस्तू असते असे संग्रहालय, पाहणाऱ्याला तेथे राहिलेल्या माणसाच्या जगण्याचे माप देते. पलंग, टेबल आणि पुस्तके मांडून लंडनची खोली सजवता येते व तेथील अभ्यासाची कल्पनाही येते; परंतु महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा ज्या वर्षांत घडल्या त्या वर्षांत डॉ. आंबेडकरांचा पत्ता सामाईक नळ, सामाईक संडास आणि दारापुढून जाणारा सर्वांचा सज्जा असलेल्या कामगार चाळीचा होता, आणि पत्नी रमाबाईंनी संसार ओढला तो तेथेच, ही गोष्ट काचेच्या कपाटात मावत नाही. शेजारचे दार, जिना आणि नळ काढून घेतले, तर उरतात त्या केवळ दोन लहान खोल्या.

स्मारकाची उंची फुटांत मोजणाऱ्यांना दुसरा मजला ठेंगणा वाटत असावा. उद्या चाळीच्या जागी पुनर्विकासाचा मनोरा उभा राहिल्यावर ५० आणि ५१ हे क्रमांक लिफ्टच्या कोणत्या बटणापाशी दाखवायचे, एवढे तरी कोनशिलेवर कोरून ठेवावे.